बँकॉकहून एका दिवसात: कांचनाबुरी, अयुथ्या, खाओ याई (वेळेच्या हिशेबासकट)

पायपीट

बँकॉकला निघालेल्या मंडळींचे 'एक दिवस मोकळा आहे, काय बघू?' हे प्रश्न गप्पांच्या पानावर येतात आणि वाहून जातात. म्हणून हा वेगळा धागा.

हॉटेलच्या काउंटरवर जी पत्रकं ठेवलेली असतात त्यात 'क्वाय नदीवरचा पूल + तरंगता बाजार + हत्ती, सगळं एका दिवसात' असं हमखास असतं. घेऊ नका. दाम्नोन सादुआकचा बाजार शहरापासून सुमारे १०० किमी, पूल सुमारे सव्वाशे किमी आणि हत्तींचे कॅम्प बहुतेक त्याच्याही पुढे. दिवसातले सात-आठ तास व्हॅनमध्ये जातात, पुलाच्या वाट्याला फोटोपुरती वेळ येते, आणि ज्या रेल्वेमुळे त्या पुलाला महत्त्व आहे तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

हिशेब उलटा करायचा. आधी परतीची शेवटची गाडी बघायची, मग त्या ठिकाणाची बंद व्हायची वेळ, आणि सकाळी कितीला निघायचं ते सगळ्यात शेवटी. दिवसाला एकच दिशा. कांचनाबुरी पश्चिमेला, अयुथ्या उत्तरेला, खाओ याई ईशान्येला. दोन दिशा एका दिवसात जोडल्या की दोन्ही हातच्या जातात.

कांचनाबुरीचं मी लिहितो, बाकीचं जाणकारांनी भरावं.

पुलावरची ती रेल्वे म्हणजे बर्मा-सयाम रेल्वे (सयाम म्हणजे थायलंडचं जुनं नाव), ४१५ किमीची, थायलंडमधल्या नोंग प्लादुकपासून बर्मातल्या थानब्युझायतपर्यंत. जपानी लष्कराने १९४२ च्या मध्यात काम सुरू केलं आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये दोन्ही टोकं जोडली. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि काही अमेरिकन असे साठ हजारांवर युद्धकैदी राबवले, त्यातले बारा हजारांवर मेले. मलाया, बर्मा, जावा इथून आणलेले आशियाई मजूर त्यांच्या कितीतरी पट होते, मृत्यूही कितीतरी पट. त्यांची नीट यादीच कोणी ठेवली नाही, त्यामुळे आकडे अंदाजाचे आहेत. नव्वद हजारांच्या आसपास धरतात.

क्रम असा ठेवा: आधी संग्रहालय, मग स्मशानभूमी, मग पूल. कांचनाबुरी स्टेशनातून बाहेर पडलं की युद्ध स्मशानभूमी चालत पाच-दहा मिनिटांवर, आणि तिला लागूनच डेथ रेल्वे म्युझियम (थायलंड-बर्मा रेल्वे सेंटर). त्याला दीड तास द्या. मार्गाचा उठावाचा नकाशा, कैद्यांच्या छावण्या, आजारांची माहिती, सगळं तिथे लागतं. हे न बघता पुलावर गेलात तर समोर फक्त एक लोखंडी पूल दिसेल. ४ ला बंद होतं, हे लक्षात असू द्या. पुलाजवळ आणखी एक 'युद्ध संग्रहालय' आहे, पुतळे आणि जुन्या गाड्यांची अडगळ. वेळ कमी असेल तर सरळ सोडा.

पुलाच्या कमानी नीट बघा. गोलाकार गाळे मूळचे, जावातून सुटे करून आणलेले. मधले दोन कोनदार गाळे युद्धानंतरचे, कारण १९४४-४५ मधल्या बॉम्बफेकीत तो भाग पडला होता. पूल चालू रेल्वेचा आहे, त्यावरून चालता येतं, आणि मध्ये मध्ये बाजूला उभं राहायला सज्जे आहेत. शिट्टी ऐकली की सज्ज्यात जायचं, पुढच्या सज्ज्यापर्यंत धावायचं नाही.

रूळ_आणि_खडी

रुमाल टाकायला आलो होतो, पण गाडीची माहिती राहिली आहे तर लिहूनच टाकतो.

कांचनाबुरीची गाडी थोनबुरी स्टेशनातून सुटते. हुआ लाम्फोंगही नाही आणि नवीन क्रुंग थेप आफिवातही नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं 'ट्रेन स्टेशन' म्हटलं तर तो भलतीकडे नेतो आणि गाडी जाते. 'थोनबुरी, सिरिराज हॉस्पिटलजवळ' असं सांगा. मेट्रोने यायचं तर निळ्या मार्गावरचं बांग खुन नोन स्टेशन, तिथून टॅक्सी.

सकाळची गाडी पावणेआठच्या आसपास. तिसरा वर्ग, आरक्षण नाही, एसी नाही, खिडक्या उघड्या, पंखे. परदेशी प्रवाशाला कुठेही उतरा, १०० बाट. तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं, भरते-बिरते अशी भीती नाही. डावी (नदीकडची) बाजू मिळावी म्हणून पंचवीस-तीस मिनिटं आधी या. कांचनाबुरी साधारण साडेदहा, पूल त्यानंतर दहा मिनिटांनी, शेवटचं स्टेशन नाम तोक साडेबारा.

आता गोम. नाम तोकहून परतीची गाडी १२:५५ ला, म्हणजे हातात वीस-पंचवीस मिनिटं. तिच्यानंतरची साडेतीनला असते, पण ती नोंग प्लादुकपर्यंतच जाते, बँकॉकला येत नाही. लोक वेळापत्रकात 'साडेतीन' बघून खूश होतात आणि संध्याकाळी भलत्याच जंक्शनवर अडकतात.

म्हणून सर्वांत सोयीचं असं:

नाम तोकपर्यंत जाऊच नका. त्याच्या अलीकडे थाम क्रासे हॉल्टला उतरा. नदीच्या कडेने, कड्याला चिकटून तीनेकशे मीटरचा लाकडी खांबांचा पूल आहे, गाडी त्यावरून अक्षरशः चालत्या माणसाच्या वेगाने जाते. उतरल्यावर त्याच पुलावरून चालत या. कड्यात एक गुहा आहे, आत बुद्धमूर्ती. एक काळी इथे कैद्यांची छावणी होती. तासाभराने तीच गाडी नाम तोकहून फिरून येते, तीत चढा, कांचनाबुरीला पावणेतीनच्या सुमारास उतरा, संग्रहालय आणि स्मशानभूमी करा, आणि बँकॉकला व्हॅनने या. व्हॅन बस स्टँडवरून सुटतात, दोन-अडीच तास लागतात. शेवटची कितीला आहे ते उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

पायपीट, तुमच्या 'आधी संग्रहालय' या क्रमाला यात फाटा बसतो, पण गाडीच्या वेळेपुढे इलाज नाही.

गाडी उशिरा धावते का? धावते. एकेरी मार्ग आहे, समोरची गाडी येईपर्यंत थांबावं लागतं. आणि तोच रेक फिरून येत असल्यामुळे जाताना झालेला उशीर येताना पदरात पडतोच. अर्धा ते पाऊण तास गृहीत धरा. एवढा उशीर झाला तर ४ वाजेपर्यंत संग्रहालय नीट उरकत नाही. मग कांचनाबुरीला जाताना साडेदहालाच उतरून पूल आणि संग्रहालय करणं बरं, कडा सोडायचा. हा निर्णय थोनबुरीला गाडी किती उशिरा सुटली त्यावरून घ्या.

शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रेल्वेची खास पर्यटक गाडी हुआ लाम्फोंगहून सकाळी साडेसहाला असते. नाखोन पाथोमचा स्तूप, पूल, नाम तोक, येताना युद्ध स्मशानभूमी, रात्री साडेसात-आठपर्यंत परत. स्वस्त आहे, पण प्रत्येक थांब्याची वेळ तीच ठरवते, आणि संग्रहालय नीट होत नाही.

टिपणवही

दोघांच्याही माहितीला +१. एक भर.

हेलफायर पास, म्हणजे याच रेल्वेसाठी डोंगर फोडून काढलेली खिंड, याचा विषय अजून कोणी काढला नाही. वेळ एकाच ठिकाणाला असेल तर मी पूल सोडेन आणि हे बघेन.

कांचनाबुरीपासून सुमारे ८० किमी वायव्येला, नाम तोकच्याही पुढे अठराएक किमी. रेल्वेने तिथे पोहोचून त्याच दिवशी बँकॉकला येणं जमत नाही, वर १२:५५ चं गणित आलंच आहे. पहाटे सहाच्या व्हॅनने कांचनाबुरी, तिथून दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी, साडेदहापर्यंत पासवर. केंद्र ९ ते ४ उघडं, प्रवेश फुकट, ऐकायचं यंत्रही फुकट (ओळखपत्र तयार ठेवा). ऑस्ट्रेलियन सरकार चालवतं, टापटीप चोख.

केंद्रापासून खाली पायऱ्या आणि मग जुन्या रेल्वेमार्गावरची खडी. खिंडीचा मुख्य भाग ७५ मीटर लांब आणि सुमारे २५ मीटर खोल. काम १९४३ च्या एप्रिलअखेर सुरू झालं. एकाने पोलादी पहार धरून फिरवायची, दुसऱ्याने आठ पौंडी घणाने ठोकायची, भोक पुरेसं खोल झालं की सुरुंग, मग हाताने दगड बाहेर. पावसाळ्यात काम लांबलं तसं रात्रंदिवस चालवलं, मशाली आणि शेकोट्यांच्या उजेडात. नाव त्यावरून पडलं. त्याच पावसात कॉलरा पसरला.

खिंडीत शिरल्यावर भिंतीला हात लावून चाला. खाली-वर अर्धगोल उभ्या खाचा दिसतील, त्या सुरुंगाच्या भोकांच्या. एका ठिकाणी तुटलेल्या पहारीचं टोक अजून दगडात रुतलेलं आहे. तळाला काही स्लीपर तसेच ठेवलेत, आणि मध्येच मार्गावर उगवलेलं एक झाड.

खिंडीपर्यंत जाऊन परत यायला निवांत तास-सव्वा तास. पुढे हिंतोकच्या दिशेने पायवाट जाते. तिकडे जायचं तर माणशी किमान लिटरभर पाणी, आणि दुपारी दोननंतर निघू नका. खडीवर चपला चालत नाहीत, पाऊल मुरगळतं. मार्च ते मे परतीच्या पायऱ्या चढताना उन्हाने जीव जातो. २५ एप्रिलला अन्झाक दिवसाची (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मृतिदिन) पहाटेची सभा असते, त्या दिवशी गर्दी आणि वाहतूक वेगळी असते, आधी चौकशी करा.

नकाशेवाली

आईबाबा सत्तरीचे आहेत, गुडघे कुरकुरतात. त्यांना हेलफायर पास झेपेल का?

टिपणवही

केंद्र आणि दरीकडचा सज्जा सपाटीवर आहे, तिथपर्यंत आरामात. खिंडीत उतरायच्या पायऱ्या गुडघ्यांना बऱ्या नाहीत, उतरताना जास्त त्रास होतो आणि दुसरी सोपी वाट नाही. एवढा प्रवास करून फक्त केंद्र बघायचं असेल तर त्यापेक्षा रूळ_आणि_खडी यांचा थाम क्रासेचा बेत बरा. फक्त त्यातही हॉल्टला न उतरता नाम तोकपर्यंत बसून जा आणि त्याच गाडीने या. लाकडी पूल दोनदा दिसतो, चालणं शून्य.

घाटमाथा

भारतीयांचा या रेल्वेशी संबंध आहे ना? आझाद हिंद सेनेचे लोक होते का कामावर?

पायपीट

त्यात गल्लत होते. मजुरांमध्ये मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ फार मोठ्या संख्येने होते. काहींना चांगल्या पगाराचं आमिष दाखवून, काहींना सरळ पकडून नेलं. कैद्यांकडे निदान स्वतःचे डॉक्टर आणि लष्करी शिस्त होती, छावणीत पाणी उकळून प्यायचा कडक नियम होता. मजुरांकडे यातलं काही नव्हतं, कुटुंबंच्या कुटुंबं कॉलऱ्याने गेली.

युद्ध स्मशानभूमीत ६,९८२ कबरी आहेत, त्या राष्ट्रकुल आणि डच सैनिकांच्या. मजुराची एकही नाही. प्रवेशद्वाराच्या इमारतीतच मात्र अविभाजित भारताच्या सैन्यातल्या ११ जणांची नावं कोरली आहेत. त्यांना थायलंडमधल्या मुस्लिम दफनभूमींत पुरलं होतं, तिथल्या कबरी राखता आल्या नाहीत म्हणून नावं इथे. लोक सरळ आतल्या हिरवळीकडे जातात आणि हे राहून जातं. दारातच थांबून वाचा.

मजुरांच्या अस्थींसाठी स्मशानभूमीजवळच्या वाट थावोर्न ('वाट' म्हणजे थाईत मंदिर) इथे एक चैत्य आहे. पर्यटक कोणी जात नाही.

आणि नदीचं नावही नंतरचं आहे. पूल ज्या नदीवर आहे ती तेव्हा मे क्लोंग होती. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या १९५७ च्या चित्रपटानंतर लोक 'क्वाय नदी' शोधत यायला लागले, तेव्हा १९६० मध्ये वरच्या पात्राला क्वाए याई म्हणायला सुरुवात झाली. रेल्वे पुढे जिच्या काठाने जाते ती क्वाए नोई, ती वेगळी.

नकाशेवाली

धन्यवाद टिपणवही. बदल्यात अयुथ्याचं लिहिते, ते नीट माहीत आहे.

अंतर ८० किमी, आणि तिन्हींत सोपं. १३५१ ते १७६७ सयामची राजधानी, बर्मी सैन्याने जाळली, १९९१ पासून जागतिक वारसा. नाव आपल्या अयोध्येवरूनच, आणि पहिला राजा रामाधिपती.

गाडी: जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप आफिवातहून सुटतात, साध्या गाड्या अजून हुआ लाम्फोंगहून. साध्या गाडीचा तिसरा वर्ग वीसेक बाट, दीड ते दोन तास. खिडकीवर नुसतं 'अयुथ्या' म्हटलंत तर एक्सप्रेसचं दहापट महाग तिकीट हातात येऊ शकतं. 'ऑर्डिनरी, थर्ड क्लास' म्हणा.

स्टेशन नदीच्या पूर्वेला, जुनं शहर पलीकडच्या बेटावर. स्टेशनसमोरची टुकटुक टोळी टाळून सरळ समोरच्या गल्लीने धक्क्यावर जा, काही बाटांत नाव पलीकडे सोडते. पलीकडे सायकली भाड्याने मिळतात. एप्रिल-मेमध्ये मात्र सायकलचा हट्ट नको, टुकटुक तासांवर ठरवा. तासाला २०० ते ३०० बाट, आणि कोणकोणती मंदिरं ते नकाशावर बोट ठेवून आधी ठरवा. न ठरवता बसलात तर वाटेत दुकानं लागतात.

क्रम उन्हाच्या हिशेबाने. ८ वाजता वाट महाथात, झाडाच्या मुळांतलं बुद्धाचं मस्तक तिथलंच. साडेनऊनंतर बसगाड्यांची गर्दी येते. समोर वाट रत्चबुराना, त्याच्या मुख्य शिखरात अरुंद जिन्याने खाली उतरून गाभारा बघता येतो. १९५७ मध्ये चोरांनी तो फोडला आणि सोनं उघडकीस आलं. उरलेलं सोनं चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. दुपारचे १२ ते २ तिथेच काढा, उन्हात भटकण्यात अर्थ नाही (आठवड्यात सुट्टी असते, कोणत्या वारी ते आधी बघा). तीन घंटाकार स्तूपांचं वाट फ्रा सी सानफेत त्याआधी किंवा नंतर. शेवटी ४ वाजता नदीपलीकडचं वाट चायवत्थनाराम, १६३० चं. सूर्य पश्चिमेला असतो, विटा तांबूस दिसतात, आणि भाड्याचे रेशमी पोशाख घातलेली थाई पोरं फोटो काढत असतात. परतीची गाडी साडेपाचनंतरची धरा.

मस्तकाजवळ फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यावर जाऊ द्यायचं नाही. रखवालदार ओरडतात आणि योग्यच करतात. मस्तक नसलेल्या मूर्तीमागे उभं राहून आपलं डोकं तिथे लावायचं, हा आपल्याकडच्या मंडळींचा आवडता चाळा आहे. कृपा करून नको.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नदी फुगते. चायवत्थनारामभोवती लोखंडी पूरभिंत उभी करतात, तेव्हा नदीकडचं दृश्य जातं.

आजीचीपिशवी

शाकाहारींसाठी, कारण या धाग्यात तेच सर्वांत आधी विचारलं जाणार. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात เจ दिसलं की आत जा, उच्चार 'जे'. मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींनी लक्षात ठेवावं की कंदमुळं मात्र असतात. नुसतं 'व्हेज' म्हटलं की भाजी येते, पण मासळीच्या सॉससकट. 'माय साय नाम प्ला' म्हणजे तो सॉस घालू नका. ऑयस्टर सॉस वेगळा सांगावा लागतो.

कांचनाबुरीच्या गाडीत फेरीवाले चढतात, पण शाकाहारी म्हणून फळं सोडून फारसं काही खात्रीचं नाही. बांबूत भाजलेला गोड भात, खाओ लाम, कुठे दिसला तर घ्या: चिकट तांदूळ, नारळाचं दूध, साखर, काळे दाणे. बाकी दशम्या-चटणी थोनबुरीलाच पिशवीत हवी.

दुर्बीण

खाओ याईबद्दल आधी नकारघंटा वाजवतो. बँकॉकहून एका दिवसात करू नका.

१९६२ चं, थायलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, २,१६८ चौ.किमी. परदेशी प्रौढाला ४०० बाट, मुलांना २००. फाटक सकाळी ६ ला उघडतं. जवळचं गाव पाक चोंग. तिथून मिळणारी सोंगथेव (दोन बाकांची उघडी टेंपो) फाटकापर्यंतच जाते, फाटकापासून माहिती केंद्र चौदाएक किमी आत आणि आत सार्वजनिक वाहन नाही. रेल्वेने आलेला माणूस फाटकावर अडकतो तो असा. गाडी हवीच.

आणि वेळ. गिबन (लांब हातांची, बिनशेपटीची वानरं) सकाळी बोलतात, उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत. बँकॉकहून पाचला निघालात तरी आत पोहोचेपर्यंत सव्वाआठ-साडेआठ. मुख्य कार्यक्रम संपत आलेला. म्हणून एक रात्र पाक चोंगला किंवा उद्यानातच. रात्री दिवे टाकून फिरवणाऱ्या उद्यानाच्या गाड्या असतात, त्याही मुक्काम केला तरच मिळतात.

स्पष्ट सांगायचं तर गवा, सांबर आणि राजधनेश बघायला इतकं लांब जाऊ नका, ते सह्याद्रीत आहेत. जा ते गिबनसाठी. पांढऱ्या हातांचा आणि टोपीवाला अशा दोन जाती इथे एकाच जंगलात राहतात. धनेशाच्या मात्र चार जाती आहेत. फळांनी लगडलेला वड-पिंपळाच्या जातीचा मोठा वृक्ष सापडला की तिथेच ठिय्या द्या, शोधत फिरू नका.

जून ते ऑक्टोबर जळवा. माहिती केंद्रात गुडघ्यापर्यंतचे जळू-मोजे मिळतात, ते पँटीच्या वर घालायचे. आत घातले तर उपयोग नाही. हत्ती रस्त्यावर आला तर किमान ३० मीटर मागे, इंजिन चालू, हॉर्न नाही, फ्लॅश नाही, खाली उतरायचं नाही. हत्ती पुढे आला तर शांतपणे रिव्हर्स. मागे गाड्या चिकटून उभ्या असतील तर ते जमत नाही, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवूनच थांबा.

हेव नारोक धबधब्याची उंची दीडशे मीटर, तीन टप्पे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये इथेच हत्तींचा कळप वाहून पडला, अकरा मेले. पावसाळ्यात कठड्यापलीकडे पाय टाकायचा नाही.

खरंच एका दिवसात रानटी हत्ती बघायचे असतील तर मुक्काम हुआ हिनला (बँकॉकच्या दक्षिणेचं समुद्रकाठचं गाव) टाका आणि तिथून कुई बुरी उद्यान करा. दुपारी २ ते ६ हीच बघायची वेळ, त्यामुळे पहाटे उठायची भानगड नाही. उद्यानाची पिकअप आणि गावातला वाटाड्या घ्यावा लागतो. उघड्या गवताळ पट्ट्यांवर हत्ती येतात, गवेही.

घाटमाथा

आणि कांचनाबुरीचे हत्ती कॅम्प? मुलांना हत्तींना अंघोळ घालायची आहे.

दुर्बीण

हत्तीवर बसणं, खेळ, चित्रं काढणारा हत्ती हे असेल तर नको, एवढं आता बहुतेकांना कळतं. अंघोळीचं अजून कळलेलं नाही. दिवसातून चार तुकड्या आल्या की हत्तीला चारदा पाण्यात उतरवतात, आणि माणसांच्या गराड्यात तो गप्प राहावा म्हणून आधी त्याला 'तयार' केलेलं असतं. पाटीवर 'रेस्क्यू', 'सँक्चुअरी' काहीही लिहिता येतं. बुकिंगआधी एवढंच विचारा: लांबून बघण्याचाच कार्यक्रम आहे का, हात न लावता? 'हो, पण...' आलं की सोडा.

त्याच जिल्ह्यात वाघांचं एक मंदिर होतं, पर्यटक बछड्यांना बाटलीने दूध पाजायचे. २०१६ मध्ये वनखात्याने १३७ वाघ हलवले, फ्रीजरमध्ये ४० मेलेले बछडे सापडले.

मुलांना पाण्यातच खेळायचं असेल तर एरावन धबधबा. कांचनाबुरीपासून ६५ किमी, सात टप्पे, ३०० बाट. दुसऱ्या टप्प्यापुढे खाणं नेता येत नाही, प्लास्टिकच्या बाटलीमागे अनामत घेतात. वरचे टप्पे दुपारी तीनच्या सुमारास बंद करायला लागतात, म्हणून आधी सातव्यापर्यंत चढा आणि उतरताना डुंबा. मासे पायाला चावतात, लहान मुलं घाबरतात.

रूळ_आणि_खडी

एरावन आणि हेलफायर पास एका दिवसात जोडायचा मोह नको. एक क्वाए याईच्या खोऱ्यात, दुसरं क्वाए नोईच्या. नकाशावर जवळ दिसतात, मधला रस्ता डोंगरातला आहे. स्वतःची गाडी आणि कांचनाबुरीत मुक्काम असेल तरच: सकाळी ८ ला एरावन, दुपारी १ पर्यंत बाहेर, अडीचच्या आत पासवर. ४ ला फाटक लागतं.